माघ्याने दिलेली बाटली

"तर मग मी लिहून टाकते, डिझेल कसलंही असलं तरी फरक पडत नाही," विद्युल्लता म्हणाली आणि भाताच्या पोत्यावर बसली.

माघ्याने मान डोलावली. त्याच्या भातगिरणीचं इंजिन नुकतंच बंद झालं होतं. धूर अजून पत्र्याखाली लोंबत होता. त्याची बायको चंद्रा इंजिनापाशी सांडलेला भात पाटीत भरत होती.

विद्युल्लता जव्हारच्या कॉलेजात शिकवायची. तीन वर्षं जीपमधून हेलपाटे घालून तिने दोन गिरण्यांवर राबणाऱ्यांच्या गालांच्या आतून काडी फिरवून पेशी काचपट्ट्यांवर घेऊन नेल्या होत्या. धुराने पेशीच्या गाभ्यातली जनुकं तुटतात. ती किती तुटतात हे डिझेलात काय आहे यावर ठरतं का, हे तिला बघायचं होतं. साखरशेतच्या गिरणीवाल्या ढवळूने डिझेलात थोडं रॉकेल घालतो, असं पहिल्याच दिवशी कबूल केलं होतं. वांगणीचा माघ्या मात्र चोख डिझेलवाला. त्याने दिलेली बाटली तपासणीतही चोखच निघाली होती.

आणि तरी तुटक्या पेशी माघ्याच्याच गिरणीत जास्त. सगळ्यात वाईट काच चंद्राची. विद्युल्लताने काचा पुन्हा पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली धरल्या. डोळे चुरचुरायला लागले, आकडे काही हलले नाहीत. शेवटी तिचे प्रबंधाचे मार्गदर्शक म्हणाले, दिसतंय ते लिहा आणि मोकळ्या व्हा. वाद घालायचं त्राण तिच्यात उरलं नव्हतं. आज ती नुसता निरोप घ्यायला आली होती.

चंद्राने पाटी खाली ठेवली.

"तसं नका लिवू, बाई."

माघ्याने तिला घरी जायला सांगितलं. ती हलली नाही. पदराने तोंडावरची काजळी पुसत, आवाज न चढवता ती सांगत गेली. तपासायला दिलेली बाटली तेवढी पंपावरची होती. ती चंद्रानेच जव्हारहून भरून आणली होती, माघ्याच्या सांगण्यावरून. इंजिनात मात्र निम्मं गॅरेजातलं जळकं ऑइल जातं, गिरणी सुरू झाल्यापासून.

माघ्याने इंजिनाशेजारचा काळ्या ऑइलचा डबा पायाने पोत्यामागे सरकवला.

विद्युल्लताला चीड यायला हवी होती. तीन वर्षं वाया जाता जाता राहिली होती. पण तिला फक्त थकल्यासारखं वाटलं. इतके दिवस गप्प राहून आजच का सांगितलंस, एवढंच तिने विचारलं.

"मला वाटलं, तुमचं यंत्र पकडील," चंद्रा म्हणाली. "आता तुम्हीच लिवणार, फरक नाय पडत. मग हा कशाला बदलील?"