चार मिनिटं उशीर

बिनचालकाच्या बसला आपोआप उतरणारी फळी हवी, म्हणून मिनेकोबाईंनी नगरपालिकेत तीन वर्षं चकरा मारल्या होत्या. आज ती फळी पहिल्यांदाच त्यांच्या व्हीलचेअरपुढे उतरली. कुणाला हाक मारणं नाही, कुणापुढे वाकणं नाही. त्या ऐटीत आत शिरल्या.

दार मिटलं आणि बस गोड आवाजात बोलली, "व्हीलचेअरच्या प्रवाशामुळे चार मिनिटं उशीर झाला आहे. आम्ही दिलगीर आहोत."

जुने चालक कुरामोची स्वतः खाली उतरून फळी टाकायचे आणि मग माइकवर म्हणायचे, "सिग्नलला अडकलो मंडळी, माफ करा." त्या वाटेवर एकही सिग्नल नव्हता, आणि हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

पुढच्या थांब्यावर माणसं चढली. बसने पुन्हा माफी मागितली. त्याच्या पुढच्या थांब्यावरही मागितली.

"असू दे हो," शेजारची म्हातारी मोठ्याने म्हणाली, "आम्हाला कुठे घाई आहे?"

बाकीच्यांनी नजरा खाली वळवल्या. मिनेकोबाई दवाखाना येईपर्यंत चढणाऱ्या प्रत्येकापुढे वाकून माफी मागत राहिल्या.

उतरल्यावर त्यांनी नगरपालिकेत बससेवा सांभाळणाऱ्या हिरुमासाहेबांना फोन लावला.

"कशी वाटली बस?" साहेबांनी उत्साहाने विचारलं.

"फार छान. माझं परतीचं बुकिंग तेवढं रद्द करा."

"केलं बघा. फार आभारी आहोत," साहेब मनापासून म्हणाले. "आता परतीची बस वेळेवर धावेल."