दीडची बस

चार वर्षांच्या तोरिकाला बसच्या खिडकीत बसवून वाइसाके खाली उतरला. बटाटा भरलेली रोटी घ्यायची होती. बापलेक दोघं बहिरे, त्यामुळे काचेच्या आतबाहेरून हातांनी गप्पा मस्त चालल्या होत्या. दोन आण, तिनं बोटांनी बजावलं.

रोट्या हातात पडल्या आणि बस हलली. वाइसाके पळत सुटला.

मागून शिपाई ओरडला, थांब. परत ओरडला. शिट्टी मारली. सकाळी स्टँडवर कुणाची तरी पर्स मारली होती आणि हा पळतोय. झालं! त्यानं वाइसाकेला आडवा पाडला, हात पाठीमागं ओढले, बेड्या ठोकल्या. रोट्या चिखलात. दीडची बस वळून डोंगराकडं गेली. तिकडं त्यानंतर संध्याकाळीच बस.

चौकीत वाइसाकेनं पाय आपटला. बहिऱ्यांच्या घरात असंच बोलावतात, जमीन हादरली की समोरचा बघतो. सार्जंटनं बघितलं.

"लाथा मारतोस?" म्हणत त्याच्या पायावर बूट ठेवला.

वाइसाकेनं घशातून आवाज काढला. शिपाई खिदळले.

पाऊण तासानं, कुणीतरी कळवल्यावर, त्याची थोरली बहीण आली, लिटिया. मार्केटात अळूचे कंद विकते. हाताची माती तशीच.

"तो बहिरा आहे."

"पळायचं बरं कळतं बहिऱ्याला! माझी बायकोपण बहिरीच आहे, सोयीपुरती," सार्जंट म्हणाला. "विचार त्याला, पर्स कुठाय?"

"आधी बेड्या काढा."

"आधी बोलू दे, मग काढतो."

"कशानं बोलू दे? तुमच्या तोंडात बोळा कोंबते आणि मग नाव विचारते. चालेल?"

शिपायांचं हसू थांबलं. सार्जंटनं चावी शोधली. आधी या खिशात, मग त्या. अगदी निवांत.

बेड्या निघाल्या. वाइसाकेनं हात पुढं आणले, पण बोटं सुजून बधिर झालेली. एक हलायचं, बाकीची लोंबायची.

"काय म्हणतोय?"

"थांबा ना जरा! तोतरं बोलतोय."

लिटिया त्याची बोटं चोळत राहिली. त्यानं हात कमरेएवढा खाली धरला. मग खिडकी दाखवली. मग बस. लिटिया गर्रकन सार्जंटकडं वळली.

"याची पोरगी बसमध्ये आहे. एकटी. चार वर्षांची. तिलाही ऐकू येत नाही."

सार्जंटनं घड्याळाकडं बघितलं. अडीच.

"मग हे आधी सांगायला काय झालं होतं?"

वाइसाके थांबलाच नव्हता. दारातून सुटून तो डोंगराच्या रस्त्याला पळत होता.

दारातल्या शिपायानं शिट्टी फुंकली.