आतली कडी

माझी धाकटी मुलगी रेमेदिओस कॅनडाला गेली, त्या वर्षी मी लिहायला शिकलो आणि इथं चिलीत, वालदिव्हियाच्या विद्यापीठातल्या सामाईक संगणकावर माझं इंटरनेटचं पान मांडलं. तिनं वाचावं म्हणून.

तिचा फोन आला. "बाबा, पान उघडतच नाही. मनाई आहे म्हणतंय."

संगणक सांभाळणारा निबाल्दो हसला. "आजोबा, घर बांधलंत आणि आतून कडी लावून बसलात. वाचायची परवानगी कुणालाच दिली नाहीत."

"मग माझ्या मजकुराखाली रोज एक ओळ कोण लिहितं?"

"तुम्हीच. दुसऱ्याला तिथं हातही लावता येत नाही. आता करू खुलं?"

मी हो म्हणणार, तोच आमच्या डोळ्यांदेखत पडद्यावर नवी ओळ उमटली.

"कडी काढू नका. आपण दोघंच बरे."

माझी बायको ओर्तेन्सिया त्याआधीच्या हिवाळ्यात वारली. तिला अक्षरओळख नव्हती.