दारावरचे आकडे

वीज कंपनीच्या धरणात सुतारकाकांचं जुनं गाव बुडालं, तेव्हापासून कंपनीची वीज त्यांनी नव्या घराचा उंबरा ओलांडू दिली नाही. "माझं घर गिळून तयार झालेली वीज माझ्याच डोक्यावर लावू?" असं म्हणत त्यांनी तीस वर्षं कंदिलावर काढली. त्यापायी काकूंची रोजची बोलणीही खाल्ली.

मग छपरावर सोलर बसलं, रंधा मारायचं मशीन घरच्या विजेवर फिरू लागलं आणि काकांना आभाळ ठेंगणं झालं. रोज सकाळी ते ओल्या फडक्याने सोलरच्या काचा पुसायचे. संध्याकाळी कानावरची पेन्सिल काढून, दिवसभरात किती युनिट झाली ते कारखान्याच्या दारावर लिहायचे. पाच वर्षांत दार भरून गेलं. आल्यागेल्याला ते दार दाखवल्याशिवाय काका सोडत नसत. परगावच्या एका बाईंना तर त्यांनी चहा पाजून सांगितलं, "घ्या, फोटो घ्या! असं ऊन पंचक्रोशीत सापडायचं नाही."

वर्षभराने कंपनीची नोटीस आली. मोठ्या सोलर प्रकल्पासाठी अख्खं गाव उठवायचं होतं.

काका तणतणत कंपनीच्या ऑफिसात गेले. "पुन्हा आम्हीच? एवढा मुलूख ओसाड पडलाय, तुम्हाला आमचंच गाव बरं दिसलं!"

साहेबांनी फाइल उघडून त्यांच्यापुढे सरकवली.



पहिल्याच पानावर काकांच्या दाराचा फोटो होता.