ठिपकीचं अंडं

रतनबाईने पदराखालचं अंडं काढलं आणि खुराड्यात हात घालून हळूच ठिपकीच्या पोटाशी सरकवलं. ठिपकी पिसं फुलवून बसली होती. तिने एक डोळा उघडला, रतनबाईकडे पाहिलं आणि परत मिटला. अंडं शेजारच्या सरूबाईकडून मागून आणलेलं होतं. पण ठिपकी ते कुणाला सांगायला जाणार नव्हती.

आज रविवार. लेकीचा, प्रेरणाचा नवरा लग्नानंतर पहिल्यांदाच सासुरवाडीला, बेडशाला जेवायला येणार होता. जावयाला गावठीचा रस्सा हवा आणि घरात कोंबडी एकच. "ऐतवारपत्तूर अंडं दिलं तर ऱ्हाईल, न्हाई तर रस्सा," असं रतनबाईच्या नवऱ्याने, हौशीरामने ओट्यावर बसून चार माणसांत जाहीर केलं होतं. बोललेला शब्द मागे घेणं त्याला जन्मात जमलं नव्हतं.

खरं तर बिघडवलं होतं त्यानेच. ठिपकी अंडी देईना, कोपरा धरून बसू लागली, तेव्हा ती खुडूक झाली असं त्याने ठरवून टाकलं. खुडूक कोंबडीला नुसतं उबवत बसायचं वेड लागतं. तिला गार पाण्यात बुचकळली की वेड उतरतं, हे मावळात शेंबडं पोरही सांगेल. हौशीरामने ठिपकीला हौदात चांगली बुचकळून काढली. वेड उतरलं नाही, उलट ती मान टाकून बसली. मग रतनबाईने तिला मांडीवर घेऊन शेपटीखाली चाचपलं, तर आत अंडं हाताला लागलं. अडकलेलं.

"खुडूक कुटली, अडलीया ती," रतनबाई म्हणाली. "आन् तुमी गार पान्यात घातली तिला."

हौशीराम तंबाखू मळत राहिला. त्याला ते फार लागलं होतं.

तेव्हापासून रतनबाई ठिपकीला घमेल्यात कोमट पाण्यात बसवत होती, तेलाचं बोट लावत होती. कवच पक्कं व्हावं म्हणून नवऱ्याच्या डबीतला चुना टोकभर घेऊन तिच्या पिण्याच्या पाण्यात कालवत होती. चुना कुठे जातो म्हणून हौशीराम कुरकुरला आणि दुसऱ्या दिवशी मुकाट्याने दोन डब्या घेऊन आला.

आता तो तोंडावर पाणी मारून खुराड्याशी आला.

"दिलं का?"

"दिलं की. हात घालून बगा."

हौशीराम उकिडवा बसला. त्याने सरूबाईचं तांबूस अंडं बाहेर काढलं. मग पुन्हा हात घालून पेंढ्यातून आणखी एक काढलं आणि अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "दोन दिलीत."

रतनबाई त्या दुसऱ्या अंड्याकडे पाहतच राहिली. ते पांढरंशुभ्र होतं. असली अंडी कामशेतच्या दुकानात ट्रेमध्ये मिळतात.

"पांढरं कसं वो?"

"तूच चुना पाजत हुतीस न्हवं."

रतनबाईने तोंडाला पदर लावला, तरी हसू फुटलंच. या माणसाबद्दल इतका लोभ तिला कित्येक वर्षांत वाटला नव्हता. सरूबाईच्या अंड्याचं तिनेही मग सांगून टाकलं.

"आन् जावयाला काय घालायचं?"

"बॉयलर आनतो. गोड मानून खाईल."

तेवढ्यात ठिपकी उठली. तिने पिसं झटकली आणि अख्खी आळी जागी होईल अशी ओरडायला लागली. ती बसली होती तिथे पेंढ्यात तिसरं अंडं होतं, कवचावर रक्ताची बारीक रेघ असलेलं. रतनबाईने ते उचलून नवऱ्याच्या तळव्यावर ठेवलं.

ते गरम होतं.