अंधारात फिल्म भरताना

रेमेडिओस सहा वर्षांनी फिलिपिन्समध्ये, इलोइलोच्या घरी परतली, तरी धाकटा भाऊ एलिसेओ तिच्याशी बोलला नाही. आईच्या मातीला ती आखातातल्या घरकामावरून आली नव्हती. म्हातारपणानं वडिलांना आता फिल्म भरता येत नसे. फोटोंचा रोल धुवायला त्यांनी दोघांनाच न्हाणीघरात कोंडलं. "लहानपणी भरायचात तशी अंधारात फिल्म भरा डबीत! झाकण लागेपर्यंत उजेड नको!" चाचपडताना बोटांना बोटं लागली. रसायनाचा तोच व्हिनेगरसारखा आंबट वास होता. "आई म्हणायची, न्हाणीघरात कोंबडीचा अडोबो कुणी शिजवला?" एलिसेओ नकळत बोलून गेला. चेहरे दिसत नव्हते, म्हणून तिला धीर झाला. "आई गेली तेव्हा मालकिणीनं पासपोर्टच दिला नाही रे." "मग सांगितलं का नाहीस, ताई?" "तू फोन उचललास कधी?" एलिसेओनं हळूच नाक ओढलं. "झालं का?" बाहेरून वडिलांनी विचारलं. फिल्म केव्हाच डबीत गेली होती, झाकणही लागलं होतं. दिवा लावता आला असता. "अजून नाही, बाबा," दोघंही एकदम म्हणाली.