ण बाणाचा

"मॅडम, आपण पाणी घेणार का?"

हिल्डा टीचरांनी दाराकडे पाहिलं. ही कोण मॅडम आली, ते त्यांना बघायचं होतं. दारात कोणीच नव्हतं. खोलीत त्या होत्या, आणि पलंगापासून दोन हात लांब मीरा उभी होती. आकाशी गणवेश, हातात रबरी मोजे, केस जाळीत घट्ट बांधलेले. नंदाखाल गावातल्या त्या घरात टीचरांना आजवर कोणी मॅडम म्हटलं नव्हतं. शाळेत एकतीस वर्षं त्या टीचर होत्या. मुलाची मम्मी होत्या. आणि मीरा दोन वर्षांपूर्वी कामाला आली, तेव्हापासून बाय होत्या.

मीरा चिंचोटीकडची, भातशेतीवाल्यांच्या घरातली. टीचरांचं खुब्याचं हाड मोडलं आणि मुलगा डिलन मेलबर्नला, म्हणून तिला ठेवलेली. सकाळी आली, की ती थेट पलंगाच्या कडेवर बसायची. "बाय, पानी पितंस का गो?"

"पानी नाही, पाणी. ण बाणाचा."

मराठी शिकवण्यात टीचरांचा जन्म गेलेला. चुकीचा न कानावर पडला, की दाताखाली खडा आल्यासारखं त्यांना व्हायचं. मीरा जीभ वळवून, डोळे मिटून "पा-णी" म्हणायची आणि मग डोळे मोठे करून टीचरांच्या तोंडाकडे बघायची. "शाब्बास!" टीचर म्हणायच्या. पोरगी अशी काही फुलायची, की त्या आनंदात पुढच्याच वाक्यात पुन्हा पानी.

दुपारी दोघी एकाच भांड्यातला भात खायच्या आणि मीराचं तोंड सुरू व्हायचं. धबधब्यावर येणारे लोक कसा कचरा टाकून जातात, म्हैस कोणाच्या वाडीत शिरली, भावजय कशी फुगून बसली. शाळेतून निवृत्त झाल्यापासून टीचरांना इतकं बोलणारं माणूस मिळालं नव्हतं.

मग टीचरांनाच सुचलं. पोरगी हुशार आहे, हाताला सर्टिफिकेट असलं तर उद्या कुठेही मानाने उभी राहील. विरारला रुग्णसेवेचा दोन महिन्यांचा कोर्स होता. फॉर्म त्यांनी स्वतःच्या सुबक अक्षरात भरला. ते दोन महिने शेजारची रोझमेरी डबा आणून द्यायची. डबा ठेवायला जेवढा वेळ लागतो, तेवढीच थांबायची. टीचर रोज कॅलेंडरवर एक खूण करत होत्या.

आणि मीरा आली ती अशी. वर्गात पहिली आलेली. "सगळ्या पोरींत माझंच बोलणं शुद्ध होतं, मॅडम. सरांनी टाळ्या वाजवायला लावल्या."

कामात आता नाव ठेवायला जागा नव्हती. गोळ्या घड्याळाच्या काट्यावर. पाणी मापून, वहीत लिहून. चादरीला सुरकुती नाही. डिलनने व्हिडिओ कॉलवर सगळं पाहिलं आणि तो खूश झाला. "मम्मी, एकदम प्रोफेशनल!"

पण रुग्णाच्या पलंगावर बसायचं नसतं, म्हणून मीरा उभी राहायची. रुग्णासोबत जेवायचं नसतं, म्हणून स्वयंपाकघरात एकटी जेवायची. भिंतीपलीकडून तिच्या ताटलीचा आवाज यायचा आणि टीचर अर्धा भात तसाच ठेवायच्या. मीरा येण्याआधी त्या एकट्याच होत्या, पण तेव्हा घरात दुसरं कोणी नव्हतं. आता घरात माणूस होतं आणि तरी त्या एकट्या होत्या. हे फारच वाईट होतं.

एक गोष्ट तर त्यांच्या मनाला दोन महिने लागून राहिली होती. मीराचा भाऊ काळूराम, त्याची बायको रुसून माहेरी गेली होती. गोष्ट तिथेच अर्धी राहिली आणि कोर्स सुरू झाला.

"मीरा, काळूरामची बायको आली का गं परत?"

मीराचा चेहरा क्षणभर हलला. ओठ उघडले आणि मिटले. "घरी सगळं ठीक आहे, मॅडम. घरच्या गोष्टी रुग्णाला सांगायच्या नसतात. रुग्णाला त्रास होतो."

"मला नाही होत त्रास."

"हो, मॅडम." आणि तिने टीचरांची नाडी धरली.

तक्रार करायची तरी कोणाकडे? फॉर्मवर अक्षर त्यांचंच होतं. आयुष्यात पहिल्यांदा पहिली आलेल्या पोरीला, शिकलीस ते विसर, असं कुठल्या तोंडाने सांगायचं?

मीरा परत आल्यापासून नवव्या दिवशी, दुपारी चारच्या सुमारास टीचरांनी ठरवलं. आपणच तिच्याकडे जायचं. तिच्या गावाला, तिच्या बोलीत. मनातल्या मनात त्यांनी तो शब्द चार वेळा घोळवला. एकतीस वर्षं त्या शब्दाचे त्यांनी मार्क कापले होते. जीभ ऐकेना.

"मीरा गो," त्या म्हणाल्या, "वाईच पानी दे."

मीरा लिहिता लिहिता थांबली. तिने वर पाहिलं. तिच्या डोळ्यांत काहीतरी लकाकलं आणि गालात हसू आलं, अगदी जुनं. टीचरांनी पाय जरासे बाजूला सरकवून पलंगाच्या कडेला तिच्यापुरती जागा केली.

मीराने पेला मापाने भरला. दोन्ही हातांनी टीचरांच्या हातात दिला. मग दोन हात मागे सरकून, आपल्या जागेवर ताठ उभी राहिली.

"पानी नाही, मॅडम. पाणी," ती म्हणाली. "ण बाणाचा. तुम्हीच तर शिकवलंत."

आणि डोळे मोठे करून, पूर्वीसारखीच, ती टीचरांच्या तोंडाकडे बघत राहिली.

"शाब्बास," हिल्डा टीचर म्हणाल्या.